पॅरिसचा शिक्का पुसा!

'दक्षिण अमेरिकेचे पॅरिस' या तीन शब्दांवर माझा राग आहे, आणि तो मी या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबरच वाचकांपुढे ठेवणार आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कुणी म्हणेल. पण घरोघर पुढच्या सुट्टीचे बेत याच दिवसांत ठरतात, आणि सहलींची रंगीत पत्रकेही याच दिवसांत वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येऊन पडतात. तेव्हा भांडायचे तर आत्ताच भांडले पाहिजे.

हे तीन शब्द बुएनोस आइरेस या शहरासाठी वापरले जातात. शाळेच्या भूगोलात ते 'ब्युनॉस आयर्स' या नावाने भेटले होते. अर्जेंटिनाची राजधानी, गहू आणि मांस निर्यात करणारे बंदर, एवढे पाठ केले की गुण पदरात पडत. आता मराठी माणूस प्रत्यक्ष तिथे जाऊ लागला आहे. त्याच्या आजोबांनी काशी-रामेश्वर केले, वडिलांनी पंधरा दिवसांत युरोप उरकला, आणि तो स्वतः एक-दोन विमाने बदलून पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला जाऊन पोचतो. याचा मला आनंदच आहे. गेल्या नोव्हेंबरात मीही जाऊन आलो. माझी तक्रार जाण्याबद्दल नाही. तिथवर जाऊन जे पाहायचे ते न पाहता परत येण्याबद्दल आहे, आणि हे न पाहणे ज्या शिक्क्यामुळे सोपे होते त्या शिक्क्याबद्दल आहे.

मी उतरलो होतो त्या हॉटेलात आपल्याकडची एक सहल आली होती. सकाळच्या चहाला सांगलीकडचे एक निवृत्त गृहस्थ शेजारी येऊन बसले. मी विचारले, "काय काका, कसे वाटले शहर?"

"अहो, काय सांगू! अगदी पॅरिस हो, पॅरिस!"

"पॅरिस कधी पाहिलेत?"

"अजून योग नाही आला. पुढच्या वर्षी न्यायचे म्हणतोय मुलगा."

गृहस्थ भले होते आणि त्यांच्या आनंदात काडीची खोट नव्हती. खोट होती ती त्यांच्या हातातल्या पत्रकात. उपमेचा साधा नियम असा की उपमान ओळखीचे असावे. मुखाला चंद्राची उपमा देतात, कारण चंद्र सर्वांनी पाहिलेला असतो. इथे न पाहिलेल्या शहराची ओळख न पाहिलेल्या दुसऱ्या शहरावरून करून दिली जाते, आणि ऐकणारा मान डोलावतो! पॅरिस म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. पॅरिस म्हणजे चांगले, एवढेच ठाऊक असते. म्हणजे ही उपमा नव्हेच. हे प्रशस्तिपत्र आहे, आणि ते द्यायचा अधिकार कायमचा युरोपकडे आहे, असे आपण निमूटपणे कबूल करून टाकले आहे.

एवढ्यावरच हे थांबते तर मी हसून सोडून दिले असते. पण हा शिक्का पर्यटन कंपन्यांनी शोधून काढलेला नाही. तो त्या शहराच्या धनिकांनी फार पूर्वी स्वतःच्या हातांनी मारून घेतला, आणि का मारून घेतला हे पाहिले की हसू येत नाही.

१५८० साली हुआन दे गाराईने हे शहर दुसऱ्यांदा वसवले. त्याआधी १५३६ साली झालेली पहिली वसाहत टिकली नव्हती. पुढे जवळजवळ तीन शतके ते चिखलाच्या रंगाच्या अफाट नदीकाठी पसरलेले बैठ्या घरांचे बंदर होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांस थंड ठेवून समुद्रापार नेणाऱ्या बोटी निघाल्या आणि पंपाच्या गवताळ मैदानातल्या गुरांना नि गव्हाला सोन्याचा भाव आला. रेल्वे बांधली ती मुख्यतः ब्रिटिश भांडवलाने. नकाशात पाहिले तर तिचे फाटे पंख्याच्या काड्यांसारखे या एका बंदराकडे येऊन मिळतात. आपल्या वऱ्हाडचा कापूस ज्या हेतूने बोरीबंदराकडे धावला, त्याच हेतूने तिकडचे धान्य आणि मांस या धक्क्याकडे धावले. फरक एवढाच की तिथे त्या व्यापारावर एक देशी जमीनदारवर्ग गबर झाला, आणि गबर झाल्यावर त्याला आपल्या आजोबांच्या अंगणाच्या बैठ्या घरांची लाज वाटू लागली.

मग १८८० नंतर जुन्या वस्तीच्या छातीतून रुंद रस्ते काढले गेले. १८९४ साली 'आवेनिदा दे मायो' हा राजमार्ग खुला झाला, १९०८ साली कोलोन नाट्यगृहाचा पडदा वर गेला, १९१३ साली भुयारी रेल्वे धावू लागली. वाडे फ्रेंच वळणाचे, वास्तुशिल्पी बहुधा युरोपातले. हे सारे सुंदर नाही असे मी म्हणत नाही. कोलोनच्या लाल मखमलीत बसून वर पाहिले म्हणजे मान दुखेपर्यंत पाहत राहावेसे वाटते. पण घरे युरोपची बांधून त्या मंडळींचे समाधान झाले नाही. त्यांना माणसेही युरोपचीच हवी होती. १८५३ च्या राज्यघटनेत पंचविसावे कलम घातले गेले: सरकारने युरोपातून येणाऱ्या वसाहतवाल्यांना उत्तेजन द्यावे. जगातून येणाऱ्यांना नव्हे, युरोपातून येणाऱ्यांना! ते कलम आजही तिथल्या घटनेत आहे.

आणि गंमत पाहा, पॅरिसचे रसिक काही आले नाहीत. आले ते जिनोआचे खलाशी, गॅलिशियाचे भुकेले शेतकरी, पूर्व युरोपातून जीव मुठीत धरून निघालेले ज्यू. १९१४ च्या शिरगणतीत या शहरातली सुमारे निम्मी माणसे परदेशात जन्मलेली निघाली. ती राहिली कुठे? 'कोन्वेन्तिज्यो'त. गिरणगावात ज्याचे आयुष्य गेले त्याला हा शब्द समजावून सांगायला नको: एका खोलीत एक बिऱ्हाड, मध्ये चौक, नळ सामाईक आणि भांडणेही सामाईक. १८७१ च्या पीतज्वराच्या साथीत शहरात चौदा हजारांच्या आसपास माणसे दगावली. श्रीमंत मंडळी सान तेल्मो भागातले वाडे सोडून उत्तरेला पळाली आणि त्या वाड्यांच्या अशा चाळी झाल्या. ला बोका या गोदीकाठच्या वस्तीत तर घरे पन्हाळी पत्र्याची, आणि रंग जहाजांना लावून उरलेला, डब्यात जो असेल तो. त्यातली 'कामिनितो' नावाची गल्ली किन्केला मार्तीन या तिथेच वाढलेल्या चित्रकाराने रंगवून सजवली आणि १९५९ साली तिचे उघड्यावरचे संग्रहालय झाले. आज त्या निळ्या-पिवळ्या पत्र्यांपुढे उभे राहून सगळे जग छायाचित्रे काढते. काढावीत. पण ते पत्रे पॅरिसचे नव्हेत, गरिबीचे आहेत, एवढे मुलांना सांगायला काय हरकत आहे?

आता शिक्क्याखाली कोण कोण झाकले गेले ते पाहू.

पहिले झाकले गेले मूळचे रहिवासी. १८७८ ते १८८५ या काळात दक्षिणेकडे लष्करी मोहीम झाली. तिचे अधिकृत नाव 'वाळवंटावरची स्वारी'. त्या वाळवंटात मापुचे, तेहुएल्चे असे लोक नांदत होते! ज्या मुलखात माणसे राहतात त्याला वाळवंट म्हणायचे, म्हणजे स्वारीनंतर कुणी मेले असे होतच नाही. नाव देण्यात किती शक्ती असते याचा याहून कडवट पुरावा मला माहीत नाही.

दुसरे झाकले गेले आफ्रिकी वंशाचे लोक. १७७८ च्या शिरगणतीत शहरातल्या माणसांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास आफ्रिकी किंवा मिश्र रक्ताची होती. गुलाम म्हणून आणलेली. स्वातंत्र्ययुद्धात ती लढली, मेली, साथींत मेली, मिश्र विवाहांत मिसळून गेली, आणि जी उरली ती पुढच्या खानेसुमारीच्या रकान्यांतूनच नाहीशी झाली. त्यांच्या ढोलाचा ठेका मात्र टँगोत राहिला. या टँगोची कथा तर आमच्या तक्रारीचा कळसच आहे. गोदीतल्या, चाळीतल्या, बदनाम वस्तीतल्या या नाचाला शहरातल्या घरंदाज मंडळींनी दारात उभे केले नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडाशी पॅरिसला टँगोचे वेड लागले, आणि मग तोच नाच वाजतगाजत त्यांच्याच दिवाणखान्यात आला! स्वतःच्या अंगणातले पोर, पण शेजारच्या गावच्या पाटलाने उचलून घेतल्याशिवाय त्याला मुलगा म्हणायचे नाही, अशातली गत.

२०२४ साली दहा हजार पेसोंची नवी नोट निघाली. तिच्यावर सेनानी बेल्ग्रानोच्या शेजारी एका स्त्रीचे चित्र आहे: मारिया रेमेदियोस देल व्हाये. ही आफ्रिकी वंशाची स्त्री बेल्ग्रानोच्या सैन्यात लढली. तिला 'मातृभूमीची माता' म्हणतात, आणि तिच्या म्हातारपणी तिच्यावर भीक मागायची वेळ आली होती. प्रवाशाच्या हातातून ही नोट रोज जाते-येते. कॉफीचे पैसे देताना ती क्षणभर उलटून पाहिली, तर पॅरिसचा अर्धा शिक्का तिथेच पुसला जाईल.

तिसरे झाकले गेलेले लोक कुठल्या शिरगणतीतून गळाले नाहीत. त्यांना घरातून उचलून नेण्यात आले. यासाठी आपल्याला 'प्लासा दे मायो' या मुख्य चौकात गेले पाहिजे. सगळ्या सहली तिथे जातात. गुलाबी राजवाडा, पांढऱ्या खांबांचे कॅथीड्रल, मध्ये १८१० च्या क्रांतीचा छोटा मनोरा. वीस मिनिटे देतात. मनोऱ्याभोवतीच्या फरसबंदीवर पांढऱ्या रंगात डोईवरच्या रुमालाची चित्रे काढलेली आहेत. ती काय आहेत हे मी त्या सहलीतल्या एका वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "नक्षी असेल."

ती नक्षी नव्हे. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि माणसे नाहीशी होऊ लागली: विद्यार्थी, कामगार पुढारी, शिक्षक, डॉक्टर, गरोदर बायका. पोलीस म्हणत, आम्हाला माहीत नाही. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा आया या चौकात जमल्या आणि त्यांनी विचारले, आमची मुले कुठे आहेत? जमावबंदी होती. पोलिसांनी दरडावले, थांबू नका, चालत्या व्हा. त्या चालू लागल्या, मनोऱ्याभोवती गोल गोल! ओळखीची खूण म्हणून डोक्याला त्यांनी पांढरे कापड बांधले. सुरुवातीला ते बाळाचे लंगोटाचे कापड होते. त्यांच्यातली अग्रणी असुसेना व्हिज्याफ्लोर हिलाच त्या डिसेंबरात पळवून नेले. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला तिचा देह बेवारशी म्हणून पुरला गेला. २००५ साली ओळख पटली आणि तिची रक्षा याच मनोऱ्याच्या पायथ्याशी ठेवण्यात आली. लोकशाही परत आल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ साली जवळजवळ नऊ हजार नाहीशा माणसांची नोंद केली. मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटना तीस हजार म्हणतात. त्या आयांपैकी ज्या हयात आहेत त्या, आणि त्यांच्यामागे तरुण माणसे, आजही दर गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता तिथे फेरी घालतात.

शहराच्या उत्तरेला नौदलाची एक शाळा होती. पांढरे खांब, सुबक दर्शनी भाग, अगदी पत्रकात शोभावी अशी. तिच्यात सुमारे पाच हजार माणसे डांबली गेली आणि फार थोडी जिवंत परतली. अनेकांना गुंगीचे औषध देऊन विमानातून पाण्यात टाकले गेले. तिथे जन्मलेली बाळे परक्यांना वाटली गेली. शंभराहून अधिक नातवंडे आज्यांनी पुढे शोधून काढली. १९७८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या क्रीडांगणावर झाला आणि जग टाळ्या वाजवत होते. आज त्या शाळेत स्मृतिसंग्रहालय आहे, आणि २०२३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. माझ्या माहितीतल्या एकाही मराठी सहलीच्या कार्यक्रमात ते नाही.

आणि ज्यांना पॅरिसचे नाते फारच प्रिय आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच लष्करी अधिकारी अर्जेंटिनात शिकवायला आले होते. विषय होता अल्जीरियातल्या लढ्यात वापरलेले दडपशाहीचे तंत्र. पॅरिसहून महिरपी आणि झुंबरेच आली असे नव्हे!

मला ठाऊक आहे, आता वाचक म्हणतील: "अहो, वर्षाकाठी चार दिवस सुट्टी मिळते. पोराबाळांना घेऊन आम्ही मजा करायला जातो. तुमची ही दुःखाची यादी कुणाला हवी?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी टाळणार नाही. मजा करू नका असे मी म्हणतच नाही. उलट माझे म्हणणे असे की शिक्क्यामुळे मजाही हुकते. रविवारी सान तेल्मोच्या रस्त्यावर भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार, एकाच भोपळ्याच्या वाटीतून नळीने आळीपाळीने पिण्याचा 'माते' हा कडू पाला, मध्यरात्रीनंतर रंगात येणाऱ्या टँगोच्या बैठका, जुन्या नाट्यगृहात थाटलेले आणि रात्रीपर्यंत गजबजलेले पुस्तकांचे दुकान, स्पॅनिश भाषेला इटालियन हेल काढून 'मायो'ला 'माशो' म्हणणारे ते बडबडे लोक, यातले काय पॅरिसचे आहे? पॅरिस शोधायला गेलेल्या माणसाला हे सगळे 'थोडे कमी पॅरिस' वाटते. नक्कल पाहायला आलेला प्रेक्षक नेहमी चुकाच मोजतो.

रेतिरो स्थानकाला लागून गरिबांची एक मोठी वस्ती आहे. बोलिव्हिया, पाराग्वाय, पेरू इथून आलेली पुष्कळ माणसे तिथे राहतात. तिथे कॅमेरे घेऊन जा असे मी सांगणार नाही. दुसऱ्याची गरिबी पाहायला तिकीट काढणे हे आणखी मोठे पाप होईल. पण तुमच्या हॉटेलात खोली झाडणारी आणि भाजी विकणारी बाई तिथून आली असण्याचा संभव आहे, आणि ती या शहराची तितकीच मालकीण आहे, एवढे मनात असू द्यावे.

आता आपल्या घराकडे वळतो. हे सारे मला इतके का झोंबावे? कारण असले शिक्के आपल्याही कपाळी आहेत. पुणे म्हणे पूर्वेचे ऑक्सफर्ड, जुने गोवे पूर्वेचे रोम, इचलकरंजी महाराष्ट्राचे मँचेस्टर! एकदा ऑक्सफर्ड म्हटले की भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ही गोष्ट त्या नावात कुठे बसते? रोम म्हटले की तिथल्या धर्मन्यायालयाने छळलेली माणसे कुठे जातात? कुणी म्हणेल, आपणही वाई-पैठणला दक्षिण काशी म्हणतोच की. म्हणतो. पण त्याचा अर्थ, ज्याला काशीला जाणे परवडत नाही त्याचे पुण्य इथेही पुरे होते, असा आहे. त्या नावाने गोदा-कृष्णेचे पाणी उणे होत नाही, त्याला गंगेची बरोबरी मिळते. 'पूर्वेचे ऑक्सफर्ड' म्हणणाऱ्याच्या मनात मात्र खरे ऑक्सफर्ड तिकडेच असते. हा फरक ओळखण्याइतके शहाणपण, दीडशे वर्षे साहेबाच्या चष्म्यातून स्वतःकडे पाहून झाल्यावर, आपल्याला यायला हवे.

पाहुण्याने कसे यावे याचाही धडा त्याच शहरात आहे. नोव्हेंबर १९२४ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर पेरूला जायला निघाले होते. बोटीवर आजारी पडले आणि बुएनोस आइरेसला उतरले. व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीने त्यांना सान इसिद्रो या उपनगरात नदीकाठच्या घरात ठेवले, आणि एका आठवड्याचा मुक्काम दोन महिन्यांच्या आसपास लांबला. कवीने फारसे काही 'पाहिले' नाही. ते बसले, बोलले, लिहिले. यजमानीणबाईंना त्यांनी 'विजया' हे नाव दिले आणि १९२५ साली 'पूरबी' हा संग्रह तिला अर्पण केला. ही विजया स्वतः फ्रेंच दायांच्या हाताखाली वाढलेली, पहिले लेखन फ्रेंचमध्ये केलेली. पण पुढे काय झाले? १९३० साली रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन पॅरिसला भरले, ते तिच्या खटपटीने. म्हणजे ज्याला पॅरिसची प्रतिकृती म्हणता त्या शहरातल्या बाईने पॅरिसला एक नवा चित्रकार दाखवला!

आणखी एका माणसाचे नाव घेतो आणि थांबतो. कार्लोस थाइस हा उद्यानरचनाकार पॅरिसमध्येच जन्मला. १८९१ साली तो बुएनोस आइरेसच्या उद्यानांचा प्रमुख झाला. शहरातल्या धनिकांना पॅरिस हवे होते, पण या अस्सल पॅरिसकराने पॅरिसची झाडे आणून भागवले नाही. देशाच्या उत्तरेकडच्या रानांतला जकारांडा त्याने रस्तोरस्ती लावला. म्हणून नोव्हेंबरात, आपल्याकडे दिवाळीचे कंदील उतरत असतात तेव्हा, ते सबंध शहर जांभळे होते. हेच झाड आपल्याकडे नीलमोहर म्हणून उन्हाळ्यात फुलते. पॅरिसच्या माणसाला जे दिसले ते आपल्याला का दिसू नये?

तेव्हा जाणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. अवश्य जा. मुलांना न्या, आईवडिलांनाही न्या. पण सहल ठरवताना कार्यक्रमात एक गुरुवार मागून घ्या, आणि दुपारी साडेतीनला त्या चौकात सगळ्या कुटुंबाने पंधरा मिनिटे उभे राहा. एक सकाळ नौदलाच्या त्या शाळेसाठी राखून ठेवा. कंपनी म्हणेल, अशी मागणी कुणी करत नाही. मग तुम्ही करा. आणि परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारले की शहर कसे होते, तर चहाचा कप खाली ठेवून, पॅरिसचे नावही न घेता, सांगायला सुरुवात करा.